कॉटवर ‘एनबीएम’ लिहिलं होतं आणि मी बाबांना चहा दिला. दवाखान्यातले शब्द इथं सांगाल का?

जांबोटीची लेक (रविवार, रात्री ९.५०)

बाबांचं हर्नियाचं ऑपरेशन होतं. बेळगावातल्या एका दवाखान्यात आदल्या दिवशी दाखल केलं आणि सोबतीला मी राहिले. रात्री ड्युटीवरच्या सिस्टर आल्या, बीपी बघितलं, कॉटच्या पायथ्याला एक कागद चिकटवला आणि कन्नडमधून भरभर काहीतरी सांगून पुढच्या कॉटकडं गेल्या. त्यातलं मला ‘हन्नेरडु’ तेवढं कळलं, म्हणजे बारा. माझी शाळा मराठी, गाव मराठी, दिलं चंदगड तालुक्यात. बाजारात भाव करताना कानावर पडतं तेवढंच माझं कन्नड. कागदावर तीन इंग्रजी अक्षरं होती, एनबीएम. मला वाटलं, ज्या डॉक्टरांकडं केस आहे त्यांच्या नावाची असतील.

सकाळी सहाला बाबा म्हणाले, “घसा कोरडा पडलाय गं, घोटभर चा मिळतोय का बघ.” मी खाली जाऊन चहा आणि दोन खारी आणल्या. आठला स्ट्रेचर आलं. काही खाल्लं-प्यायलं का, असं विचारल्यावर बाबांनीच खरं काय ते सांगितलं. स्ट्रेचर रिकामं परत गेलं. भुलेच्या डॉक्टर मला खूप बोलल्या. ऑपरेशन दुसऱ्या दिवसावर गेलं, एक दिवसाचं बिल वाढलं, आणि शेतातली कामं टाकून आलेला भाऊ तसाच माघारी गेला.

बाबा आता बरे आहेत, टाकेही निघाले. पण ती सकाळ डोक्यातून जात नाही. कागद समोर होता, सांगणाऱ्या बाईंनी सांगितलंही होतं, तरी मला एक अक्षर कळलं नाही. आणि मी विचारलंही नाही. तेवढी गर्दी, तेवढी घाई, आपण अडाणी दिसू की काय असं वाटलं.

आता डिस्चार्ज कार्ड पुढ्यात घेऊन बसले आहे. त्यावर ‘बीडी’, ‘एचएस’, ‘एसओएस’, ‘के/सी/ओ एचटीएन’, ‘अफेब्राइल’ असं लिहिलंय. जाणकारांनी साध्या मराठीत सांगावं. आपल्या भागातल्या बाकीच्यांनाही उपयोग होईल.

वॉर्डातली सिस्टर (रविवार, रात्री १०.३५)

ताई, आधी एक सांगते. चूक तुमची एकटीची नाही. मी अकरा वर्षं वॉर्डात आहे. पेशंटकडून परत वदवून घेतल्याशिवाय सांगितलं असं धरायचं नाही, हे आम्हाला शिकवलेलं असतं. तीस कॉटला एक सिस्टर असली की ते राहून जातं, आणि ते राहायला नको.

एनबीएम म्हणजे ‘निल बाय माउथ’. तोंडानं काहीही नाही. भूल दिल्यावर गिळण्या-खोकण्याची ताकद तात्पुरती जाते. पोटात काही असेल तर ते वर येऊन श्वासनळीत, फुप्फुसात उतरू शकतं आणि त्यानं माणूस दगावूही शकतो. म्हणून ठरलेल्या ऑपरेशनआधी साधारण सहा तास हलकं खाणं बंद आणि दोन तास साधं पाणीही बंद. दूध खाण्यात धरतात, म्हणून दुधाचा चहाही खाण्यातच आला. लोकांना चहा म्हणजे पाणीच वाटतं, तिथंच घोळ होतो. बहुतेक दवाखाने ‘रात्री बारानंतर काही नाही’ असं सरसकट सांगतात, तो तुम्ही ऐकलेला ‘हन्नेरडु’.

तुमच्या कार्डावरचं सांगते. बीडी म्हणजे दिवसातून दोनदा, ओडी एकदा, टीडीएस तीनदा. ही लॅटिन शब्दांची आद्याक्षरं आहेत. एचएस म्हणजे झोपताना. एसी जेवणाआधी, पीसी जेवणानंतर. के/सी/ओ म्हणजे हा आजार आधीपासून माहीत आहे, आणि एचटीएन म्हणजे बीपी. अफेब्राइल म्हणजे ताप नाही.

एसओएस मात्र नीट समजून घ्या. ‘गरज पडली तरच’ असा त्याचा अर्थ. दुखण्याच्या गोळीपुढं एसओएस लिहिलेलं असतं आणि लोक ती महिनाभर रोज घेतात. अशा काही गोळ्या रोज घेतल्या तर पोटाला आणि मूत्रपिंडाला त्रास होतो.

घटप्रभेकाठचा (रविवार, रात्री ११.१०)

माझं घर कन्नड, आई निपाणीची, त्यामुळं दोन्ही बोलतो. लिहिताना चुकलं तर सांभाळून घ्या.

अक्का, त्या सिस्टर बहुतेक असं म्हणाल्या असतील: “हन्नेरडु गंटे आद म्याले एनू कोडब्याड्री.” बारा वाजल्यानंतर काही देऊ नका. ‘कोडब्याड्री’ किंवा ‘कोडबेडि’ म्हणजे देऊ नका. हा एक शब्द प्रत्येकानं लक्षात ठेवावा. ‘कोडी’ किंवा ‘कोड्री’ म्हणजे द्या. घाईत ऐकलं तर सुरुवात दोन्हीकडं सारखी, अर्थ मात्र उलटा.

‘म्याले’ किंवा ‘मेले’ म्हणजे नंतर, किंवा वर. ‘ऊट आद मेले’ म्हणजे जेवण झाल्यावर, आणि ‘ऊटक्के मोदलु’ म्हणजे जेवणाआधी. माझ्या आईची मावशी पहिल्यांदा दवाखान्यात ‘मेले, मेले’ ऐकून रडायलाच लागली होती. तिला वाटलं शेजारच्या कॉटवरचं कुणीतरी गेलं. आईनं तिला जवळ बसवून अर्थ सांगितला तेव्हा कुठं ती शांत झाली.

पाट्यांवरचं: ‘होररोगी’ म्हणजे बाहेरचा रोगी, ओपीडी. ‘ओळरोगी’ म्हणजे आतला, दाखल झालेला. ‘तुर्तु’ म्हणजे तातडीचं. ‘तीव्र निगा घटक’ म्हणजे आयसीयू. ‘हेरिगे’ म्हणजे बाळंतपण. ‘सक्करे कायिले’ हा साखरेचा आजार, ‘रक्तदोत्तड’ म्हणजे रक्तदाब, ‘एदे नोवु’ म्हणजे छातीत दुखणं. आमच्या बाजूला दुखण्याला ‘ब्यानी’ पण म्हणतात. वांती दोन्ही भाषांत वांतीच.

येळ्ळूरकर मास्तर (सोमवार, सकाळी ७.१५)

सिस्टरबाई, घटप्रभेकाठचे, दोघांचेही आभार. मी निवृत्त शिक्षक. इंग्रजी आणि कन्नड शब्द आपण शिकूच. पण मला उलट्या बाजूनं काही सांगायचं आहे. आपल्याकडं दुखण्याचे जे शब्द आहेत ते डॉक्टरांपर्यंत पोहोचत नाहीत.

गेल्या वर्षी हिच्या पोटात दुखायचं. तपासणारे डॉक्टर तरुण, दक्षिण कर्नाटकातले, स्वभावानं चांगले. त्यांनी इंग्रजीत विचारलं, मी इंग्रजीत सांगितलं, “पेन.” कसं पेन, असं त्यांनी पुन्हा विचारलं आणि माझ्याकडं शब्दच नव्हता. ही मात्र घरी आठ दिवस अगदी स्पष्ट सांगत होती: “कळ येते, थांबते, परत येते. आणि ती उजवीकडून पाठीत जाते.” कळ म्हणजे लाटेसारखं येणारं दुखणं. मी त्याचं नुसतं ‘पेन’ करून टाकलं. पुढं सोनोग्राफीत पित्ताशयात खडे निघाले. डॉक्टर म्हणाले, सर, हे कळीचं आणि पाठीत जाण्याचं पहिल्या दिवशी सांगितलं असतं तर सोनोग्राफी त्याच दिवशी केली असती.

तेव्हापासून मी मोजू लागलो. ठणका म्हणजे नाडीबरोबर ठकठक करणारं दुखणं. गळवाचा ठणका, दाढेचा ठणका. चमक म्हणजे क्षणात भरणारी, हालचाल केली की जाणवणारी. जळजळ निराळी, आग निराळी. मुरडा निराळा, त्यात संडासची घाई असते. शिणवटा म्हणजे दुखणं नव्हे. मुंग्या येणं आणि बधिर होणं हेही एक नव्हे. मुंग्यांत काहीतरी जाणवतं, बधिरपणात जाणवेनासं होतं. धाप चालल्यावर लागते, दम बसल्या जागीही लागू शकतो, आणि रात्री आडवं झाल्यावर श्वास कोंडून उठून बसावं लागणं हे तिसरंच, ते तर डॉक्टरांना आवर्जून सांगायला हवं. चक्कर म्हटलं की खोली फिरते की डोळ्यांपुढं अंधारी येते, हेही सांगावं. खोली फिरते तेव्हा कानाचा संशय घेतात, अंधारी येते तेव्हा बीपीचा, साखरेचा, हृदयाचा.

आपल्या आज्या-पणज्यांनी इतकं बारीक वेगळं केलेलं आपण दवाखान्याच्या दारात एका शब्दात गुंडाळतो, याचं मला फार वाईट वाटतं. इंग्रजी येत नसेल तर नका बोलू. मराठीत सविस्तर सांगा, हातानं जागा दाखवा, केव्हा सुरू झालं, कशानं वाढतं, कशानं थांबतं ते सांगा. समजणारं कुणीतरी वॉर्डात सापडतंच.

गोळ्यावाला निपाणी (सोमवार, दुपारी २.२०)

दुकानातनं लिहितोय, गिऱ्हाईक आलं की थांबेन.

सिस्टरनी ओडी म्हणजे एकदा सांगितलं ते बरोबर. पण डोळ्याच्या कागदावर ओडी असेल तर बऱ्याचदा तो उजवा डोळा असतो. ओएस डावा, ओयू दोन्ही. एक आजोबा मोतीबिंदू काढून आले, थेंब दिवसातून सहा वेळा होते आणि खाली ओडी लिहिलेलं. सुनेनं ते कुठंतरी वाचून ‘एकदाच’ असं धरलं. माझ्याकडं दुसरी बाटली न्यायला कुणी आलंच नाही म्हणून मीच फोन केला. बाटली अर्धीसुद्धा संपली नव्हती.

दुसरं, इन्सुलिन. आपल्याकडं एका मिलिलिटरमध्ये ४० युनिट असलेली बाटली मिळते आणि १०० ची पण. ४० ची सुई लाल टोपणाची, १०० ची केशरी टोपणाची. १०० च्या बाटलीतनं लाल टोपणाच्या सुईनं २० पर्यंत ओढलं तर अंगात ५० युनिट जातात. साखर खाली कोसळते. बाटली बदलली की सुई बदलली का, हे दुकानदाराला तोंडावर विचारा. आणि युनिटसाठी नुसता इंग्रजी ‘यू’ लिहिलेला असेल तर तो शून्यासारखा दिसतो, दहाचे शंभर होतात. संशय आला की मी डॉक्टरांना फोन लावतो. तुम्ही पण लावायला सांगा.

तिसरं आपल्या सीमाभागाचं खास दुखणं. आपण निपाणीत एका डॉक्टरकडं, कोल्हापुरात दुसऱ्याकडं, मिरजेला तिसऱ्याकडं. प्रत्येकाची गोळी निराळ्या नावाची. एक काकू पाय सुजले म्हणून आल्या. पिशवी उलटी केली तर दोन पाकिटं, दोन कंपन्या, दोन्हींत ॲमलोडिपिन. बीपीची तीच गोळी दुप्पट चालली होती, आणि त्या गोळीनं पाय सुजतात हे आम्हाला माहीत असतं. पाकिटावर दोन नावं असतात, एक कंपनीनं दिलेलं आणि एक औषधाचं मूळ नाव. ते मूळ नाव जुळवून बघायचं. २०१६ पासून नियम आहे की डॉक्टरांनी औषधाचं मूळ नाव वाचता येईल असं, शक्यतो मोठ्या इंग्रजी अक्षरात लिहावं. लिहिलेलं लागत नसेल तर परत लिहून मागा, त्यात अपमान कुणाचाच नाही.

आशाताई, खानापूर (सोमवार, रात्री ८.४०)

मला ‘निगेटिव्ह’बद्दल लिहायचं आहे. आमच्या वाडीतल्या एका पोरीचा गरोदरपणातला रक्ताचा रिपोर्ट आला. त्यात एचआयव्ही निगेटिव्ह, ‘बी’ प्रकारची कावीळ (हिपॅटायटिस बी) निगेटिव्ह. सासू म्हणाली, “सगळंच वाईट आलंय व्हय गं?” दोन दिवस त्या घरात चूल धड पेटली नाही. मी गेले, खाली बसून एकेक ओळ सांगितली. निगेटिव्ह म्हणजे जे शोधत होते ते सापडलं नाही. अशा तपासणीत न सापडणं म्हणजे चांगलं. रक्तगटाचा निगेटिव्ह मात्र वेगळा. तो आजार नाही, पण आई निगेटिव्ह असेल तर डॉक्टरांना ते माहीत असायलाच पाहिजे, एक इंजेक्शन लागू शकतं.

डेंग्यूच्या दिवसांत आणखी एक होतं. एका लॅबमध्ये प्लेटलेट १.४ लिहितात, दुसरीकडं १३८. लोकांना वाटतं एका रात्रीत शंभरपट वाढल्या. पहिला आकडा लाखात आहे, दुसरा हजारात. १.४ लाख म्हणजे १४० हजार, म्हणजे जवळजवळ तेवढ्याच. आकड्यापुढं बारीक काय लिहिलंय ते बघायचं.

एमबीबीएस गडहिंग्लज (मंगळवार, सकाळी ६.५०)

धागा काल रात्री सलग वाचला. माझ्याकडं खानापूर, हुक्केरी, संकेश्वरकडचे बरेच पेशंट येतात, म्हणून थोडी भर घालतो.

ज्या शब्दानं सगळ्यात जास्त नुकसान होताना मी बघितलं तो शब्द ‘हायपरटेन्शन’. लोकांना ऐकू येतं ‘टेन्शन’. मग पेशंट सांगतो, “डॉक्टर, पोरीचं लग्न झालं, आता टेन्शन राहिलं नाही, गोळी बंद केली.” यातल्या टेन्शनचा अर्थ काळजी असा नाही, रक्तवाहिनीतला दाब असा आहे. माणूस खुशीत असला तरी दाब १६० असू शकतो आणि त्याला काही जाणवतही नाही. गोळी मनानं बंद केल्यावर लकवा होऊन आलेले लोक मी बघितले आहेत. म्हणून मी आता तो शब्दच वापरत नाही, ‘रक्ताचा दाब’ म्हणतो.

‘ॲक्यूट’ आणि ‘क्रॉनिक’ हे शब्द वेळेचे आहेत. ॲक्यूट म्हणजे नुकतंच, अचानक सुरू झालेलं. क्रॉनिक म्हणजे बरेच महिने-वर्षं चाललेलं. ॲक्यूट म्हणजे भयंकर आणि क्रॉनिक म्हणजे असाध्य असं नाही. आयसीयूच्या दारात आम्ही ‘स्टेबल’ म्हणतो. त्याचा अर्थ आकडे सध्या हलत नाहीत एवढाच. पेशंट व्हेंटिलेटरवर असूनही स्टेबल असू शकतो. नातेवाईक ‘स्टेबल’ ऐकून गावाला निघतात. तेव्हा विचारा, “धोका टळला का? आम्ही इथं थांबावं का?” सरळ प्रश्नाला सरळ उत्तर मिळतं.

मोठे शब्द फोडून वाचायची सवय लावली तर भीती कमी होते. शेवटी ‘आयटिस’ असेल तर दाह, सूज. ‘एक्टॉमी’ म्हणजे काढून टाकणं. ‘स्कोपी’ म्हणजे दुर्बीण घालून बघणं. ‘ईमिया’ म्हणजे रक्तात. ‘हायपो’ कमी, ‘हायपर’ जास्त. हायपोग्लायसेमिया: कमी, साखर, रक्तात. साखर ७० च्या खाली आली की आम्ही असं म्हणतो. दरदरून घाम, हातापायाला कंप, बरळणं ही त्याची लक्षणं. शुद्धीवर असेल तर लगेच साखरेचं पाणी द्या आणि दवाखाना गाठा. बेशुद्ध असेल तर तोंडात काही ओतू नका, १०८ ला फोन करा.

ताईंनी इंग्रजी फॉर्मवर सही केली असणार. समजेल अशा भाषेत सांगून घ्यायचा तुम्हाला हक्क आहे. काय करणार, धोका काय, दुसरा मार्ग आहे का, हे सांगूनच संमती घ्यावी लागते. नुसत्या तपासणीला दिलेली संमती ऑपरेशनला चालत नाही, हे सर्वोच्च न्यायालयानं २००८ साली स्पष्ट केलं आहे. आणि केसपेपरची प्रत मागितली तर ७२ तासांत द्यावी, असा डॉक्टरांसाठी नियम आहे. दोन राज्यांत उपचार घेणाऱ्यांनी ती प्रत घेतल्याशिवाय घरी जाऊ नये. मिरजेच्या डॉक्टरला बेळगावात काय झालं ते त्याशिवाय कळत नाही.

येळ्ळूरकर मास्तर (मंगळवार, सकाळी ९.०५)

डॉक्टरसाहेब, फार मोलाचं लिहिलंत. एक छोटी भर. २०२३ साली महाराष्ट्रानं फुले जनआरोग्य योजना सीमाभागातल्या ८६५ गावांना लागू केली. त्या काउंटरवर ‘प्री-ऑथ झालं का’ असं विचारतात. प्री-ऑथ म्हणजे योजनेकडून उपचाराआधी मिळणारी मंजुरी. आयुष्मान कार्ड घेऊन गेलात तरी हाच शब्द ऐकाल. ठरलेलं ऑपरेशन असेल तर मंजुरी आल्याची खात्री करूनच दाखल व्हावं.

जांबोटीची लेक (गुरुवार, रात्री ९.२०)

आज बाबांना दाखवायला परत नेलं होतं. जाताना वहीत लिहून नेलं: कळ नाही, टाक्यांच्या जागी थोडा ठणका, संडासला जोर लागतो. डॉक्टरांनी वही हातात घेऊन वाचली. त्यांना मराठी वाचता येतं हे मला माहीतच नव्हतं. एसओएसची गोळी बंद केली, पोट साफ व्हायचं औषध दिलं. मी म्हटलं, “मला समजलं ते परत सांगते, बरोबर आहे का बघा.” सांगितलं. एक जागा चुकली, त्यांनी सुधारली.

मग वॉर्डात गेले. त्याच सिस्टर होत्या, त्यांनी मला ओळखलं. मी विचारलं, एनबीएमच्या कागदाखाली मराठी-कन्नडमध्ये लिहिलेला एक कागद लावला तर चालेल का? त्या म्हणाल्या, लिहून आणा, मी मॅट्रनना दाखवते. असं लिहिलंय:

“रात्री १२ नंतर तोंडाने काहीही देऊ नका. जेवण, चहा, दूध, पाणी, काही नाही. ऊट, चहा, हालु, नीरु, एनू कोडबेडि.”

घटप्रभेकाठचे दादा, कन्नड ओळ बरोबर आहे का? आणि ती कन्नड लिपीत लिहून मिळेल का?

घटप्रभेकाठचा (गुरुवार, रात्री ९.४५)

बरोबर आहे, अक्का. कन्नड लिपीत लिहून त्याचा फोटो रात्रीच पाठवतो. आमच्या आईचं अक्षर मोठं आणि गोल आहे, तिच्याकडूनच लिहून घेतो.

वॉर्डातली सिस्टर (गुरुवार, रात्री ११.३०)

नाइटला आहे, आत्ता बघितलं. ताई, पाणी वेगळ्या ओळीत लिहा, जाड अक्षरात: “पाणीसुद्धा नाही.” चार शब्दांत मिसळलं की ते कुणी वाचत नाही. आणि खाली आणखी एक ओळ घाला: “बीपीची सकाळची गोळी द्यायची का, ते सिस्टरला विचारा.” काही गोळ्या त्या दिवशीही घोटभर पाण्यासोबत द्यायच्या असतात, काही मुद्दाम बंद ठेवायच्या असतात. ते ज्याचं त्याचं वेगळं, म्हणून विचारायलाच लावा.